घरच्या संगणकासाठी डीव्हीडी रायटर कोणता घ्यावा? जुन्या डिस्क वाचायच्या आहेत, काही नव्या राईट करायच्या आहेत

गंगावेशीकर

सर्वांना नमस्कार.

आमच्या घरात एकूण १६३ डीव्हीडी आहेत. बहुतेक डिस्क वडिलांनी २००४ ते २०१२ या काळात स्वतः राईट केलेल्या आहेत आणि थोड्या लग्नाच्या छायाचित्रकारांकडून आलेल्या आहेत. त्यांत घरातली चार लग्ने आहेत, आजीची पंचाहत्तरी आहे, नवरात्रातली अंबाबाईची पालखी आहे. माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाच्या आहेत त्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या ३४ डिस्क. वडील तालमीत वाढलेले असल्यामुळे मैदान लागले की तिवई आणि कॅमेरा घेऊन ते दुपारीच उतारावर जागा धरायला जात आणि चटकदार कुस्त्यांपासून शेवटच्या जोडीपर्यंत सगळे टिपून ठेवत. वडील आता नाहीत. त्या चित्रीकरणाच्या मूळ कॅसेट त्यांनी पुन्हा पुन्हा वापरल्या होत्या, म्हणून जे काही उरले आहे ते या डिस्कवरच आहे.

जुन्या संगणकातला रायटर रुंद पट्टीच्या केबलचा, म्हणजे आयडीई जोडणीचा होता. गेल्या वर्षी असेंबल करून घेतलेल्या नव्या संगणकाच्या मदरबोर्डवर ती जोडणीच नाही, आणि काचेच्या कॅबिनेटला पुढच्या बाजूने रायटर बसवायची खाचही नाही. राजारामपुरीत चार दुकाने फिरलो. एका दुकानातून यूएसबीवर चालणारा बारीक रायटर घेतला, ज्याच्या खोक्यावर कंपनीचे नाव नव्हते. पहिल्याच दिवशी तीन कोऱ्या डिस्क वाया गेल्या. प्रत्येक वेळी साधारण सत्तर टक्क्यांवर काम थांबले. जुनी डिस्क घातली की सुरुवात नीट दिसते, मग आतून टक्, टक् असा आवाज येतो, संगणकातून ड्राइव्ह नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत दिसू लागतो.

आता नीट विचार करून एकच चांगला रायटर घ्यावा असे ठरवले आहे. बाहेरून जोडायचा बारीक घ्यावा की आत बसणारा मोठा, आठ पट वेगाचा घ्यावा की चोवीस पट, आणि कोऱ्या डिस्क अधिक चिन्हाच्या (डीव्हीडी+आर) घ्याव्यात की वजा चिन्हाच्या (डीव्हीडी-आर), याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सर्किटबोर्ड

मी शाहूपुरीत संगणक दुरुस्तीचे काम करतो. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिली शंका येते ती विजेच्या पुरवठ्याची. यूएसबी २.० च्या एका तोंडातून नियमाप्रमाणे ५०० मिलिॲम्पिअर आणि ३.० च्या तोंडातून ९०० मिलिॲम्पिअर प्रवाह मिळतो, आणि डिस्क फिरायला लागते तेव्हा किंवा राईट करताना लेझर पूर्ण जोरात असतो तेव्हा असा बारीक ड्राइव्ह काही क्षण एक ॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त मागू शकतो. त्यात आपण तो कॅबिनेटच्या पुढच्या तोंडात लावला असेल, तर आतल्या बारीक तारेत आणखी दाब पडतो आणि ड्राइव्ह मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. म्हणून तो टाकून देण्याआधी संगणकाच्या मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर असलेल्या तोंडात लावून पाहा. मध्ये हब किंवा जोडवायर नको. केबलला दुसरे यूएसबी टोक दिलेले असेल तर तेही लावा, कारण ते केवळ विजेसाठी असते.

तरीही माझा सल्ला विचाराल तर आपल्यासारख्या कामाला आत बसणारा मोठा रायटरच घ्यावा. बारीक ड्राइव्हमध्ये डिस्क मधल्या चक्रावर बोटाने दाबून बसवावी लागते आणि तीन छोट्या खटक्यांवर ती टिकते. वरून तिला कसलाच आधार नसतो. मोठ्या ड्राइव्हमध्ये ट्रे आत गेला की वरून चुंबकाची चकती डिस्कला दाबून धरते, मोटर बारा व्होल्टवर चालते आणि सांगाडाही जड असतो. डिस्क थोडी वाकलेली असेल किंवा तिच्यावर कागद चिकटवलेला असेल, तर हा फरक लगेच कळतो. माझ्या टेबलावर बारीक ड्राइव्हने नाकारलेली डिस्क मोठ्याने वाचली असे अनेकदा झाले आहे. उलट मात्र क्वचितच.

कॅबिनेटला खाच नाही ही अडचण नाही. संगणक बंद करून बाजूचे झाकण काढा, मदरबोर्डवरच्या साटा (आयडीईनंतर आलेली बारीक केबलची जोडणी) तोंडात डेटाची केबल लावा, एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या डब्याची, पंधरा पिनांची साटा वायर लावा आणि रायटर शेजारी टेबलावर सपाट ठेवा. काम संपले की काढून ठेवा. यात मध्ये कोणतीही रूपांतराची चिप येत नसल्यामुळे हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. दुसरा मार्ग साटा-यूएसबी कन्व्हर्टरचा. तो घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: त्याच्यासोबत १२ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा वेगळा ॲडाप्टर हवा, आणि तो केवळ हार्ड डिस्कसाठी नसून डीव्हीडी ड्राइव्हलाही चालतो असे खोक्यावर लिहिलेले हवे. काही कन्व्हर्टर हार्ड डिस्क ओळखतात, पण रायटर ओळखत नाहीत, म्हणून शक्य असेल तर दुकानातच जोडून पाहावे.

मॉडेलचे म्हणाल तर एलजीचा जीएच२४ मालिकेतला किंवा असूसचा डीआरडब्ल्यू-२४डी५एमटी, यांपैकी जो नवा सीलबंद मिळेल तो घ्यावा. दोन्ही घरच्या कामाला पुरेसे आहेत.

निवृत्त_शिक्षिका

मी भौतिकशास्त्र शिकवत असे, म्हणून वेगाच्या आकड्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. दुकानातल्या खोक्यावर सर्वांत मोठा तोच आकडा असतो, आणि खरेदी करताना त्याचा उपयोग मात्र सर्वांत कमी होतो.

डीव्हीडीचा एक पट वेग म्हणजे सेकंदाला १.३८५ मेगाबाइट. (सीडीचा एक पट म्हणजे फक्त १५० किलोबाइट, त्यामुळे ५२ पट सीडी आणि १६ पट डीव्हीडी हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.) सोळा पट म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मेगाबाइट. पण डिस्कचे लेखन आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर सरकते, आणि वेगवान लेखनात डिस्क साधारण एकाच गतीने फिरत असल्यामुळे आतल्या छोट्या वर्तुळात वेग कमी आणि बाहेरच्या मोठ्या वर्तुळात जास्त पडतो. खोक्यावरचा आकडा हा अगदी बाहेरच्या कडेला गाठला जाणारा कमाल वेग असतो. म्हणूनच सोळा पटीने भरलेली डिस्क पाच-सहा मिनिटांत होते, आठ पटीने आठ-नऊ मिनिटांत होते, आणि चोवीस पटीने जेमतेम एखादे मिनिट आणखी वाचते. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या डिस्क मुळात सोळा पटीसाठीच बनवलेल्या असतात. सोळा पटीला डिस्क मिनिटाला सुमारे दहा हजार फेऱ्या घेते, हे लक्षात घेतले तर त्या वेगात थोडासा असमतोलही किती महागात पडेल याची कल्पना येईल.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहा. डिस्कच्या पोटात सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि त्यात ०.७४ मायक्रोमीटर अंतराने फिरत जाणारी एकच सर्पिल वाट असते. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल लेझर त्या वाटेवर चालत रंगद्रव्य ठिकठिकाणी भाजतो. सर्वांत लहान खूण सुमारे ०.४ मायक्रोमीटर लांबीची असते. वेग दुप्पट केला की प्रत्येक खूण भाजायला मिळणारा वेळ निम्मा होतो. खुणेची कड थोडी पुढेमागे झाली तरी आज ती वाचता येते, कारण त्रुटी दुरुस्त करणारी सांकेतिक भर डिस्कवर असतेच. पण वर्षे जातात तसे रंगद्रव्य फिके पडते, ओरखडे पडतात, आणि ती भर तिथेच खर्च होते. सुरुवातीलाच ती अर्धी खर्च करून ठेवू नये, म्हणून मी नेहमी आठ पटीने राईट करते. त्याहून कमी वेग निवडून फायदा होतोच असे नाही, कारण आजच्या डिस्कचे रंगद्रव्य जास्त वेगासाठी जुळवलेले असते.

तेव्हा आठ पट की चोवीस पट, या प्रश्नाचे उत्तर असे की आपण लिहिणार आठ पटीनेच आहात. मोठा रायटर घ्यावा तो सर्किटबोर्ड यांनी सांगितलेल्या यांत्रिक कारणांसाठी, त्या आकड्यासाठी नव्हे.

पन्हाळ्याची_वाट

अधिक आणि वजा चिन्हांबद्दल: वजा चिन्हाची डिस्क पायोनियरने १९९७ मध्ये आणली आणि ती डीव्हीडी फोरमची अधिकृत पद्धत आहे, अधिक चिन्हाची २००२ मध्ये फिलिप्स, सोनी वगैरे कंपन्यांच्या वेगळ्या गटाने आणली. गेली वीस वर्षे जवळजवळ प्रत्येक रायटर दोन्ही राईट करतो, त्यामुळे संगणकासाठी यात अडून बसण्यासारखे काही नाही. टीव्हीखाली जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर वजा चिन्हाची घ्या. साडेआठ गीगाबाइटची दुहेरी थराची डिस्क शक्यतो टाळा. महाग असते आणि थर बदलतो त्या जागी माझ्या दोन वाया गेल्या आहेत.

लाल_माती

वाचायला आवडले, पण मूळ प्रश्नालाच माझा आक्षेप आहे. १६३ डिस्क सगळ्या काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी एकूण पाऊण टेराबाइट माहिती होते. एक टेराबाइटची हार्ड डिस्क घेतली की सगळे एका तळहातावर येते. मग आज नव्याने डीव्हीडी राईट करण्याचा खटाटोप कशासाठी? वाचण्यापुरता ड्राइव्ह घ्यावा आणि राईट करण्याचा विचार सोडून द्यावा.

निवृत्त_शिक्षिका

पहिली प्रत हार्ड डिस्कवरच असावी, याबद्दल मतभेद नाही. पण एकदा लिहून बंद केलेली डिस्क चुकून पुसली जात नाही, तिच्यावर व्हायरस काही लिहू शकत नाही, आणि ती हातातून पडली तर बहुधा एक ओरखडा पडतो. हार्ड डिस्क पडली तर सगळेच जाते. निवडक गोष्टींची दुसरी प्रत वेगळ्या स्वरूपात असणे मला आवश्यक वाटते.

कसबा_बावडा

या मुद्द्यावर मला आमच्या घरचा अनुभव सांगितलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होते. संगणक टेबलावर, त्याची हार्ड डिस्क आतच, आणि ४६ डीव्हीडी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. पाणी उतरल्यावर घरी आलो तेव्हा कपाटाचे दार गाळाने चिकटले होते आणि डब्यांत तांबूस चिखल साचला होता. हार्ड डिस्क पुन्हा कधीच फिरली नाही. डिस्क मात्र मी एकेक करून स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवल्या, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले, आणि मऊ सुती फडक्याने मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसल्या. गोल फिरवून पुसले तर ओरखडा वाटेच्या दिशेने पडतो, मग सलग बरीच माहिती जाते आणि दुरुस्तीची भर तिथे पुरी पडत नाही. सावलीत वाळवल्यानंतर ४६ पैकी ४१ डिस्क पूर्ण वाचल्या गेल्या. त्यांत माझ्या मुलीचे बारसे आहे.

प्लास्टिकच्या मऊ पाकिटांच्या वहीत ठेवलेल्या डिस्कचे हाल जास्त झाले, कारण पाकीट डिस्कच्या अंगाला चिकटून बसले. तेव्हापासून मी कडक डबीत, उभ्या आणि अंधाऱ्या जागी ठेवतो. अर्थात आता माळ्यावर.

गंगावेशीकर

सर्वांचे मनापासून आभार. सर्किटबोर्ड यांनी सांगितल्याप्रमाणे बारीक ड्राइव्ह मागच्या तोंडात लावला आणि नाहीसा होण्याचा प्रकार पूर्ण थांबला. कालपासून पहिल्या ४० डिस्क घालून पाहिल्या. २७ शेवटपर्यंत वाचल्या गेल्या, पण १३ डिस्क अगदी शेवटच्या भागात अडकतात. त्या १३ मधल्या नऊ डिस्क लग्नाच्या आहेत, आणि त्यांच्यावर नवरा-नवरीच्या छायाचित्राचे गोल कागदी स्टिकर लावलेले आहे. एका स्टिकरची कड उचलली गेली आहे आणि फिरताना ती आत कुठेतरी घासते, असा बारीक फरफर आवाज येतो. हे स्टिकर काढून टाकावेत का? आणि अडकलेला भाग मिळवण्याचा काही मार्ग आहे का?

सर्किटबोर्ड

स्टिकर अजिबात ओढू नका. सीडीत माहितीचा थर वरच्या पृष्ठभागालगत असतो, त्यामुळे स्टिकरसोबत तो थेट उचकटून येतो. डीव्हीडी ही ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि माहिती त्यांच्या मधोमध असते. तिथे थर उचकटत नाही, पण जोर लावला तर त्या दोन चकत्या कडेपासून सुटू लागतात, आणि मग ती डिस्क कायमची गेली. उचललेली कड फक्त डिस्कच्या काठापर्यंत बारीक कात्रीने कापून टाका किंवा थोडा गोंद लावून बसवा, आणि वाळल्यावरच ड्राइव्हमध्ये घाला.

शेवटीच अडकण्याचे कारण त्या स्टिकरमध्ये आणि डिस्कच्या रचनेत दोन्हीकडे आहे. कागद एका बाजूला केसभर सरकून चिकटला असेल तर डिस्कचा तोल जातो आणि ती थरथर बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त जाणवते. शिवाय रंगद्रव्याचा थर आणि चिकटवण हेही बाहेरच्या कडेलाच आधी बिघडते. नव्या डिस्क राईट कराल तेव्हा काठोकाठ भरू नका. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेले असते, संगणक ती जागा ४.३८ दाखवतो, तुम्ही चारवर थांबा. नाव लिहायचे तर सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या मार्करने, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा.

कसबा_बावडा

अडकलेल्या भागासाठी माझ्या पुराच्या डिस्कवर जे उपयोगी पडले ते सांगतो. फोल्डर उघडून फाइल कॉपी करण्याच्या मागे लागू नका, कारण एका खराब जागेवर विंडोज बराच वेळ झगडत बसते आणि मग सगळीच कॉपी सोडून देते. आधी संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, काढायची. लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो सोपा भाग आधी भराभर उचलतो, खराब जागा बाजूला ठेवतो, आणि नंतर त्या जागांकडे पुन्हा पुन्हा वळतो. कोणता भाग मिळाला आणि कोणता राहिला याचा नकाशा तो वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो.

त्या नकाशाचा खरा उपयोग असा की तीच डिस्क दुसऱ्या रायटरमध्ये घालून, तोच नकाशा देऊन काम पुढे चालवता येते. प्रत्येक ड्राइव्हची भिंग आणि लेझरची ठेवण थोडी निराळी असते. एकाला न दिसलेली जागा दुसऱ्याला दिसते, आणि दोघांनी मिळून एकच प्रत पूर्ण होते. माझ्या एका डिस्कचे काम असे तीन ड्राइव्हमध्ये मिळून झाले. म्हणून आपला बारीक ड्राइव्ह टाकून देऊ नका, तो मोठ्याचा जोडीदार म्हणून ठेवा. लिनक्स बसवायची गरज नाही. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करूनही हे करता येते.

पन्हाळ्याची_वाट

तुमच्या साठ्यात कॅमेऱ्याच्या छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डिस्क असतील तर त्या ट्रेच्या आतल्या खोलगट वर्तुळात ठेवाव्या लागतात, आणि तेव्हा ड्राइव्ह सपाटच हवा, उभा चालत नाही. ट्रे नसलेल्या, फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या चुकूनही घालू नका. कॅमेऱ्यातच शेवटची बंद करण्याची क्रिया, म्हणजे फायनलाइझ, राहिली असेल तर संगणक ती कोरी असल्याचे सांगेल. डिस्क कोरी समजून फेकू नका. काही कॅमेरे डीव्हीडी-रॅम वापरत. ती वाचायला एलजीच्या रायटरवर सुपर मल्टी असे लिहिलेले असते ते पाहून घ्यावे.

लाल_माती

माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. पुराची हकिकत वाचून थांबलो. मग आता असे विचारतो की राईट करायचेच तर थेट ब्लू-रे रायटर का घेऊ नये? एका डिस्कवर २५ जीबी बसतात, म्हणजे १६३ डीव्हीडींचा मजकूर ३१ डिस्कमध्ये मावेल, आणि तो रायटर डीव्हीडीही वाचतो व राईट करतो.

निवृत्त_शिक्षिका

हिशेब बरोबर आहे. पण रायटरची किंमत डीव्हीडी रायटरच्या कित्येक पट आहे, आणि कोऱ्या ब्लू-रे डिस्क कोल्हापुरात दुकानात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. शिवाय हा व्यवसाय आवरत चालला आहे. सोनीने कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. आपल्याकडे घरोघरी ज्यांच्या डिस्क असत ती मोझर बेअर कंपनीही २०१८ मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे सगळा साठा नव्याने राईट करण्याऐवजी, ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही एवढेच निवडावे. या निवडीत कुस्तीच्या ३४ डिस्क येतात आणि त्यासाठी डीव्हीडी पुरते.

त्या ३४ साठी एम-डिस्क मिळाली तर पाहावी. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याऐवजी असेंद्रिय, दगडासारखा कठीण थर असतो आणि त्यात खूण करायला जोरदार लेझर लागतो, म्हणून ती राईट करणारा रायटर त्यासाठी बनवलेला असावा लागतो. वाचायला मात्र साधा ड्राइव्ह चालतो. वर उल्लेख झालेला असूसचा रायटर ती राईट करतो. नाहीच मिळाली तर नावाजलेल्या कंपनीच्या साध्या डिस्कचा बंद खोका घ्यावा. सुट्या, पाकिटाविना मिळणाऱ्या डिस्क स्वस्त असतात, पण त्या कोणी बनवल्या आणि किती दिवस उन्हात राहिल्या ते कळत नाही.

आणि एक आग्रहाचे सांगणे. राईट झाल्यावर पडताळणी केल्याशिवाय डिस्क डबीत ठेवू नये. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की दोन पर्याय येतात. त्यांपैकी सीडी-डीव्हीडी प्लेअरसारखी वापरण्याचा पर्याय निवडावा, पेन ड्राइव्हसारखी वापरण्याचा नव्हे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे इमेजबर्न हा मोफत प्रोग्रॅम. त्यात व्हेरिफायच्या चौकटीत खूण असली की तो राईट झालेली प्रत्येक जागा पुन्हा वाचून मूळ मजकुराशी ताडून पाहतो. वेळ दुपटीने जातो, पण मला या पद्धतीने राईट करताना सदोष निघालेल्या डिस्क त्याच दिवशी कळल्या.

सर्किटबोर्ड

पडताळणीबद्दल पूर्ण सहमत. फक्त एवढेच जोडतो की ज्या रायटरने लिहिले त्याच्यावर पडताळून झाल्यावर, तीच डिस्क तुमच्या बारीक ड्राइव्हमध्येही एकदा वाचून पाहा. लिहिणाऱ्याला स्वतःचे अक्षर नेहमीच वाचता येते.

गंगावेशीकर

उशिरा लिहितो आहे, पण सगळे काम करूनच लिहायचे ठरवले होते.

असूसचा रायटर नवा मिळाला, दीड हजारांच्या आसपास. झाकण काढून साटा केबल थेट जोडली आणि रायटर टेबलावर, खाली जुन्या माऊस पॅडचा तुकडा घालून ठेवला. पहिली लग्नाची डिस्क घातली तेव्हा बारीक ड्राइव्हमध्ये ऐकू येणारी थरथर जवळजवळ नव्हती. आधी अडकलेल्या १३ पैकी आठ डिस्क मोठ्या रायटरने पहिल्याच वाचनात शेवटपर्यंत उचलल्या. सुटलेल्या स्टिकरची कड कात्रीने कापली, ती डिस्कही त्या आठांत आहे.

नंतर तीन आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर पाच-सात डिस्क असे काम केले. १६३ पैकी १३८ डिस्क सरळ वाचल्या गेल्या. १९ डिस्क डीडीरेस्क्यूने दोन्ही ड्राइव्हमध्ये आळीपाळीने घालून पूर्ण झाल्या. त्यांतल्या एकीला मोठ्याने न दिलेला भाग बारक्याने दिला, तेव्हा कसबा बावडा यांची आठवण झाली. सहा डिस्कमध्ये अजून भाग गाळलेले आहेत. कॅमेऱ्याच्या छोट्या डिस्क दोन निघाल्या, त्या दोन्ही वाचल्या.

एम-डिस्क मिळाली नाही. कुस्तीच्या प्रतिमांतून ज्या पूर्ण आहेत त्या ३३ डिस्क साध्या वजा चिन्हाच्या डिस्कवर आठ पटीने राईट केल्या. वडिलांनी मूळ डिस्क चार जीबीच्या आतच ठेवल्या होत्या, त्यामुळे पुन्हा जुळवणी करावी लागली नाही. त्यांना हे ठाऊक होते की सहज घडले, ते आता विचारता येत नाही. पडताळणीत दोन डिस्क नापास झाल्या आणि त्या पुन्हा केल्या. सगळ्या बारीक ड्राइव्हमध्येही वाचून पाहिल्या. एक संच घरी आहे, दुसरा बहिणीकडे इचलकरंजीला जाईल.

चौतिसावी डिस्क त्या सहांपैकी आहे. शेवटची कुस्ती सुरू आहे, हलगी वाजते आहे, खाली लाल मातीत दोघे एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे आहेत, आणि वडिलांचा आवाज अगदी कॅमेऱ्याजवळून येतो, "आता बघ." तिथे चित्र थांबते. नकाशाच्या फाइलप्रमाणे शेवटचे अकरा मेगाबाइट दोन्ही ड्राइव्हना मिळालेले नाहीत. सर्किटबोर्ड, आपण फोनवर म्हणालात की दुकानात २००८ च्या सुमाराचा एक जुना मोठा रायटर चालू स्थितीत आहे. ती डिस्क, हार्ड डिस्क आणि नकाशाची फाइल घेऊन मी रविवारी सकाळी दहा वाजता शाहूपुरीत येतो.